मीडियल कशाच्या, डिस्टल कुठून? शरीररचनेतील दिशावाचक संज्ञांविषयी

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे की, सुपिरिअर-इन्फिरिअर (वरचे-खालचे), अँटीरिअर-पोस्टीरिअर (पुढचे-मागचे), मीडियल-लॅटरल (मध्यरेषेजवळचे-तिच्यापासून दूरचे), प्रॉक्झिमल-डिस्टल (उगमाजवळचे-उगमापासून दूरचे) या जोड्या तिला तोंडपाठ आहेत, परंतु प्रत्यक्ष हाड किंवा अवयव समोर आला की गोंधळ उडतो. अँटीरिअर आणि व्हेंट्रल (पोटाकडचे) यांचा अर्थ एकच असेल तर दोन शब्द कशासाठी, हात सैल सोडून उभे राहिल्यावर अंगठा मांडीकडे वळलेला दिसत असूनही त्याला लॅटरल का म्हणायचे, आणि पावलाच्या वरच्या बाजूला डॉर्सम हे पाठीशी नाते सांगणारे नाव कसे मिळाले, असे तिचे तीन उपप्रश्न आहेत.

हे तिन्ही उपप्रश्न अगदी योग्य आहेत, कारण पाठ्यपुस्तकांतला तक्ताच या गोंधळाला बऱ्याच अंशी जबाबदार असतो. सगळ्या संज्ञा एकाखाली एक, सारख्याच चौकटींत छापलेल्या असल्यामुळे त्या एकाच जातीच्या आहेत असा विद्यार्थ्याचा समज होतो. वास्तविक त्या किमान चार वेगवेगळ्या संदर्भांतून आलेल्या आहेत. काही संज्ञा उभ्या मानवी शरीराच्या ठरलेल्या स्थितीवरून मोजल्या जातात, काही एखादा अवयव जिथून सुरू होतो त्या ठिकाणापासूनच्या अंतरावरून, काही गर्भावस्थेत आखल्या गेलेल्या शरीराच्या मूळ अक्षावरून, तर काही त्वचेपासूनच्या खोलीवरून. शिवाय यांतली जवळजवळ प्रत्येक संज्ञा तुलनात्मक आहे. नाक मीडियल आहे हे वाक्य अपुरे आहे; नाक डोळ्याच्या मीडियल आहे, आणि तोच डोळा कानाच्या मीडियल आहे, असे म्हटल्यावरच त्यातून माहिती मिळते. म्हणून कोणतीही संज्ञा वापरताना ‘कशाच्या तुलनेत?’ आणि ‘कोणत्या संदर्भाने?’ हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी विद्यार्थ्यांकडून तक्ता म्हणून घेत नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे मागतो.

पहिला संदर्भ ॲनाटॉमिकल पोझिशनचा. या स्थितीत व्यक्ती ताठ उभी असते, चेहरा आणि नजर समोर असते, हात दोन्ही बाजूंना सरळ खाली सोडलेले असतात, तळहात पुढे वळवलेले असतात आणि पावलांची बोटे पुढे असतात. रुग्ण खाटेवर उताणा असो, मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी पालथा निजवलेला असो किंवा कुशीवर वळलेला असो, वर्णन करताना तो मनाने या स्थितीत उभा करायचा असतो. पालथ्या रुग्णाच्या पाठीवर काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने मणक्यांचे मागचे काटे छताच्या दिशेने असतात, तरी ते पोस्टीरिअरच राहतात. शस्त्रक्रियागृहात ‘जरा वर’ असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ छताकडे, डोक्याकडे किंवा त्वचेकडे असा काहीही निघू शकतो; सुपिरिअर म्हटले की फक्त डोक्याकडे. डावे-उजवेही नेहमी रुग्णाचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे.

या स्थितीत तळहात पुढे का वळवतात, याचे उत्तर मिळाले की अंगठ्याचा प्रश्न आपोआप सुटतो. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये रेडिअस आणि अल्ना ही दोन हाडे असतात. तळहात पुढे असताना ती एकमेकांना समांतर असतात. रेडिअस पूर्ण लांबीभर लॅटरल बाजूला आणि अल्ना मीडियल बाजूला. आता तळहात मागे फिरवून पाहावे. रेडिअसचे वरचे टोक जागच्या जागी फिरते, पण खालचे टोक अल्नाच्या पुढून ओलांडून पलीकडे जाते, म्हणजे तेच हाड कोपरापाशी लॅटरल आणि मनगटापाशी मीडियल होते. अशा स्थितीवरून नावे ठरवली असती तर या भागातल्या प्रत्येक स्नायूचे आणि धमनीचे वर्णन मध्येच उलटले असते. म्हणून हाडे समांतर राहतील अशी स्थिती निवडली गेली, आणि तिच्यात अंगठा शरीराच्या मध्यरेषेपासून दूर, म्हणजे लॅटरल, आणि करंगळी मीडियल ठरते. पायात मात्र अंगठाच मीडियल असतो. तरीही हात सतत फिरत असल्यामुळे हाताच्या शस्त्रक्रिया करणारे लोक मीडियल-लॅटरल सहसा टाळतात आणि रेडिअल बाजू, अल्नार बाजू असे म्हणतात. बाजूचे नाव त्याच बाजूच्या हाडावरून पडले की हात कसाही वळलेला असला तरी घोटाळा होत नाही. तुमच्या क्षेत्रातही हीच सवय उपयोगी पडेल.

मीडियल आणि मीडियन यांत गल्लत करू नये. मीडियन म्हणजे नेमके मधोमध. मीडियल म्हणजे मध्याच्या अधिक जवळ. हातातली मीडियन नर्व्ह शरीराच्या मध्यरेषेवर अर्थातच नसते. ती मनगटाकडे जाताना हाताच्या मधोमध असते, इतकेच.

ठरलेली स्थिती मनात नीट न ठेवल्यामुळे सर्वांत जास्त चुका ओटीपोटाच्या हाडांबाबत होतात. टेबलावर ठेवलेली पेल्व्हिस आपोआप बसेल तशी बसते आणि तिचे वरचे तोंड सरळ छताकडे आहे असे वाटते. प्रत्यक्षात उभ्या माणसात ती बरीच पुढे कललेली असते. कमरेला पुढून हाताला लागणारे अँटीरिअर सुपिरिअर इलिॲक स्पाइन हे उंचवटे आणि प्यूबिक सिम्फिसिसची (ओटीपोटाची हाडे पुढे मधोमध जुळतात त्या सांध्याची) वरची कड एकाच उभ्या प्रतलात येतात, आणि पेल्व्हिसच्या प्रवेशद्वाराचे प्रतल आडव्या पातळीशी साधारण 55 ते 60 अंशांचा कोन करते. हाडे हातात घेऊन भिंतीला टेकवून पाहावीत. उंचवटे आणि सिम्फिसिस दोन्ही एकाच वेळी भिंतीला टेकले की स्थिती बरोबर आली. हा कल ध्यानात घेतला की पुढे कललेल्या गर्भाशयाचा अँटीरिअर म्हणवला जाणारा पृष्ठभाग मूत्राशयावर खालच्या दिशेने का टेकलेला असतो, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

हृदयाचेही असेच. उजवे आणि डावे हे शब्द ऐकून ते मधोमध उभे चिरल्यासारखे दोन भागांत विभागले असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते छातीत तिरके बसलेले आणि वळलेले असल्यामुळे उरोस्थीच्या मागे, सर्वांत पुढे, मुख्यतः उजवे व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) येते आणि सर्वांत मागे, अन्ननलिकेला लागून, डावे एट्रिअम (वरचा कप्पा) असते. म्हणूनच समोरून घुसलेल्या शस्त्राचा धोका उजव्या व्हेंट्रिकलला सर्वाधिक असतो, आणि डावे एट्रिअम फुगले की अन्ननलिका दबते. येथे उजवे-डावे ही कप्प्यांची नावे आहेत, त्यांच्या स्थानाचे वर्णन नव्हे. नाव आणि वर्णन वेगळे ठेवण्याची ही शिस्त पुढे वारंवार लागते.

दुसरा संदर्भ उगमाचा. प्रॉक्झिमल म्हणजे उगमाच्या किंवा जोडणीच्या जवळचे, डिस्टल म्हणजे तिथून दूरचे. हातापायांत जोडणी धडाशी असते, म्हणून कोपर मनगटाच्या प्रॉक्झिमल आणि गुडघा घोट्याच्या प्रॉक्झिमल. हात खाली लोंबत असताना प्रॉक्झिमल आणि सुपिरिअर यांचा अर्थ एकच वाटतो, पण हात डोक्यावर उचलला की मनगट उंचावर जाते आणि तरीही डिस्टलच राहते. हातापायांसाठी वेगळी जोडी ठेवण्याचे कारण हेच.

धडातही ही जोडी वापरली जाते, मात्र फक्त नळीसारख्या किंवा शाखा फुटणाऱ्या रचनांसाठी. धमनीत हृदयाकडचा भाग प्रॉक्झिमल, मज्जातंतूत मेंदू-मज्जारज्जूकडचा, मूत्रपिंडाच्या नलिकेत ग्लोमेरुलसकडचा (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाकडचा), आणि पचनमार्गात तोंडाकडचा. मोठ्या आतड्याचा चढता भाग येथे उत्तम परीक्षा घेतो. तो उजव्या बाजूला खालून वर यकृताकडे जातो, म्हणजे त्याचा प्रॉक्झिमल भाग इन्फिरिअर आणि डिस्टल भाग सुपिरिअर. उतरत्या भागात नेमके उलट. त्यामुळे अन्नमार्गाविषयी बोलताना ‘वरचा भाग’, ‘खालचा भाग’ हे शब्द मार्गक्रमाच्या अर्थाने वापरू नयेत. नीलांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. तेथे रक्त डिस्टलकडून प्रॉक्झिमलकडे वाहते, कारण प्रॉक्झिमल हे प्रवाहावरून नव्हे तर हृदयाच्या जवळिकीवरून ठरते.

तिसरा संदर्भ शरीराच्या मूळ अक्षाचा, आणि अँटीरिअर-व्हेंट्रलच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. डोक्याकडचे ते क्रेनिअल, शेपटीकडचे ते कॉडल, पाठीकडचे ते डॉर्सल आणि पोटाकडचे ते व्हेंट्रल. या संज्ञांना प्राणी उभा आहे की चार पायांवर आहे याच्याशी कर्तव्य नसते. ताठ उभ्या माणसाच्या धडात व्हेंट्रल आणि अँटीरिअर एकाच दिशेला येतात, म्हणून मज्जारज्जूतील करड्या द्रव्याचा पुढचा भाग अँटीरिअर हॉर्न आणि व्हेंट्रल हॉर्न अशा दोन्ही नावांनी ओळखला जातो. घोड्यात मात्र पोट जमिनीकडे आणि डोके पुढे, त्यामुळे ‘पुढचे’ म्हणजे डोक्याकडचे की पोटाकडचे, असा प्रश्न निर्माण होतो. पशुवैद्यकात म्हणूनच अँटीरिअर, पोस्टीरिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर हे शब्द जवळजवळ वापरत नाहीत; डोळ्यासारख्या काही ठिकाणीच ते टिकून आहेत. भ्रूणशास्त्र आणि तुलनात्मक शरीररचना यांनाही मूळ अक्षाची भाषाच सोयीची पडते. मानवी शरीररचनेत 1895 मध्ये बाझल येथे मंजूर झालेल्या नामावलीपासून 1998 च्या ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका’पर्यंत नावे एकसारखी करण्याचे प्रयत्न होत राहिले, 2019 मध्ये तिची दुसरी आवृत्तीही आली, पण संज्ञांची ही दोन्ही कुळे, उभ्या स्थितीवरची आणि मूळ अक्षावरची, शेजारी शेजारी नांदतच राहिली आणि तसे राहण्याला कारण आहे.

ते कारण मेंदूत सर्वांत स्पष्ट दिसते. मज्जारज्जू आणि ब्रेनस्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) यांचा अक्ष साधारण उभा असतो, परंतु भ्रूणावस्थेत मिडब्रेनपाशी, म्हणजे या देठाच्या वरच्या भागापाशी, हा अक्ष पुढे वाकतो आणि त्यापुढचा मेंदू जवळजवळ काटकोनात पुढे वळतो. परिणामी ब्रेनस्टेममध्ये डॉर्सल म्हणजे पोस्टीरिअर, पण मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे सुपिरिअर, कवटीच्या माथ्याकडचे. नाकाकडची दिशा सांगणारी रोस्ट्रल ही संज्ञाही अशीच वळते. ब्रेनस्टेममध्ये रोस्ट्रल म्हणजे वर आणि मोठ्या मेंदूत रोस्ट्रल म्हणजे पुढे, कपाळाकडे. मेंदूविषयीचे लेखन वाचताना एकाच परिच्छेदात डॉर्सलचा अर्थ बदलल्यासारखे वाटते, तेव्हा शब्दाचा अर्थ बदललेला नसतो. अक्ष वाकलेला असतो. मज्जासंस्थेच्या अभ्यासाला सुरुवात करण्यापूर्वी एकदा कागदावर हा वाकलेला अक्ष स्वतःच्या हाताने काढावा आणि त्यावर चारही दिशांचे बाण दाखवावेत. अर्ध्या पानाची ही आकृती पुढचे कित्येक तास वाचवते.

पावलाच्या डॉर्समचे रहस्यही भ्रूणावस्थेतच आहे. हातापायांचे अंकुर धडाच्या बाजूंना फुटतात तेव्हा त्यांच्या पाठीकडच्या पृष्ठभागावर सांधे ताणणारे, म्हणजे एक्स्टेन्सर, स्नायू तयार होतात आणि पोटाकडच्या पृष्ठभागावर सांधे वाकवणारे फ्लेक्सर. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात हे अवयव स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरतात. हात सुमारे 90 अंश बाहेरच्या दिशेने आणि पाय जवळजवळ तितकाच आतल्या दिशेने. त्यामुळे कोपराचे टोक मागे येते आणि गुडघा पुढे येतो. कोपर ताणणारा ट्रायसेप्स दंडाच्या मागे, तर गुडघा ताणणारा क्वाड्रिसेप्स मांडीच्या पुढे. पायाचा मूळचा पाठीकडचा पृष्ठभाग अशा रीतीने समोर आला, आणि पाऊल घोट्यापाशी काटकोनात पुढे वळलेले असल्यामुळे तोच पृष्ठभाग पावलावर आकाशाकडे तोंड करून राहिला. डॉर्सम हे नाव त्याच्या जन्माच्या जागेवरून आलेले आहे. पाऊल वर उचलण्याला डॉर्सिफ्लेक्शन आणि खाली दाबण्याला प्लँटारफ्लेक्शन का म्हणतात, हेही यातून उलगडते, आणि मांडी-पोटरीवर त्वचेच्या संवेदनांचे पट्टे सरळ न उतरता पिळ घातल्यासारखे का उतरतात, याचेही मूळ या फिरण्यातच आहे. हातासाठी पामर (तळहाताकडचे) आणि डॉर्सल, पावलासाठी प्लँटार (तळव्याकडचे) आणि डॉर्सल या जोड्या म्हणूनच अँटीरिअर-पोस्टीरिअरपेक्षा अधिक भरवशाच्या आहेत.

चौथा संदर्भ खोलीचा. सुपरफिशिअल म्हणजे त्वचेच्या जवळचे आणि डीप म्हणजे तिच्यापासून आत. शरीराच्या कोणत्या बाजूने आत शिरायचे यावर हा क्रम बदलतो, म्हणून बाजूही सांगावी लागते. इंटर्नल-एक्स्टर्नल ही जोडी यापेक्षा वेगळी. ती पोकळीच्या किंवा पोकळ अवयवाच्या भिंतीच्या संदर्भात वापरावी. बरगड्यांचा इंटर्नल पृष्ठभाग छातीच्या पोकळीकडे असतो. याच जोडीतून एक प्रसिद्ध फसवणूक होते. मानेत कॉमन कॅरॉटिड धमनी दुभंगते तेथे एक्स्टर्नल कॅरॉटिड ही इंटर्नल कॅरॉटिडच्या पुढे आणि मीडियल बाजूला असते, म्हणजे नावावरून अपेक्षा करावी त्याच्या उलट. ही नावे धमन्या कुठे जातात त्यावरून पडली आहेत. इंटर्नल कवटीच्या आत मेंदूकडे जाते आणि एक्स्टर्नल मुख्यतः कवटीबाहेरच्या भागांना, चेहऱ्याला आणि मानेला, रक्त पुरवते. दोघींना मानेत ओळखण्याची खरी खूण स्थान ही नसून, एक्स्टर्नलला मानेत फांद्या फुटतात आणि इंटर्नलला फुटत नाहीत, ही आहे.

दातांची भाषा वेगळी आहे, कारण दातांची रांग कमानीत वळते. कमानीवरून मध्यरेषेकडची बाजू मेसिअल आणि कमानीवरूनच मध्यरेषेपासून दूरची बाजू डिस्टल. येथे डिस्टलचा हातापायांतल्या डिस्टलशी गोंधळ करू नये. तुम्हाला याहून अधिक दंतसंज्ञांची गरज सहसा पडणार नाही.

प्रतलांविषयी थोडक्यात सांगतो. सॅजिटल प्रतल शरीराचे डावे-उजवे भाग करते, कोरोनल पुढचे-मागचे आणि ट्रान्सव्हर्स वरचे-खालचे. व्यवहारात अडचण येते ती सीटी आणि एमआरआयची चित्रे पाहताना. आडवा छेद हा उताण्या रुग्णाच्या पावलांकडून डोक्याकडे पाहिल्यासारखा दाखवण्याचा संकेत आहे. त्यामुळे चित्राच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू येते, आणि यकृत चित्रात डावीकडे दिसते. छातीच्या एक्स-रेमध्येही रुग्ण तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे असे समजून तो वाचतात. त्यावरची बाजूची खूण न पाहता मत देऊ नये, कारण हृदयाचे टोक उजवीकडे दिसले तर फिल्म उलटी लागली आहे की हृदयच उजवीकडे आहे, हे खुणेवरूनच कळते.

या साऱ्या संज्ञांचा खरा उपयोग लिहिताना होतो. ‘हाताला पुढे जखम’ या नोंदीतून दुसऱ्या वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘डाव्या अग्रबाहूच्या अँटीरिअर पृष्ठभागावर, कोपराच्या घडीपासून 6 सेंटीमीटर डिस्टल, रेडिअल कडेजवळ, 3 सेंटीमीटर लांबीची आडवी जखम’ एवढे लिहिले की रुग्णाला न पाहिलेला माणूसही ती जागा बोटाने दाखवू शकतो. या वाक्यात बाजू, पृष्ठभाग, हाताला लागणारी ठाम खूण, तिच्यापासून अंतर आणि दिशा असे सर्व आले आहे. बेंबीसारखी पोटाच्या आकारानुसार सरकणारी खूण वापरण्यापेक्षा हाडाचा उंचवटा बरा. अस्थिभंगात तर एका शब्दाने उपचार बदलतात. मनगटाजवळ रेडिअस मोडून डिस्टल तुकडा डॉर्सल दिशेला सरकला तर तो कोलीजचा अस्थिभंग आणि पामर दिशेला सरकला तर स्मिथचा. तुकडा जागेवर आणण्यासाठी दाब कुठल्या दिशेने द्यायचा हे त्यावरच ठरते. सरकण्याची दिशा नेहमी डिस्टल तुकड्याचीच सांगतात. आणि डावा-उजवा हे शब्द पूर्ण लिहावेत. एका अक्षराच्या खुणेने केलेली नोंद घाईत चुकीची वाचली जाते, आणि चुकीच्या बाजूवर शस्त्रक्रिया होणे ही जगभर गंभीरपणे घेतली जाणारी बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये प्रसृत केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत शस्त्रक्रियेची जागा पुन्हा पडताळण्याची पायरी आहे ती त्यासाठीच.

सरावासाठी एकच हाड सुचवतो: क्लॅव्हिकल, गळ्याखालचे आडवे हाड. त्याचे जाड, चौकोनी टोक मीडियल आणि चपटे टोक लॅटरल. मीडियल दोन-तृतीयांश भागाचा बाक पुढे फुगलेला असतो, आणि सबक्लेव्हिअस स्नायूची पन्हळ इन्फिरिअर पृष्ठभागावर असते. या तीन गोष्टी ठरल्या की हाड डावे की उजवे हे निश्चित होते. मात्र येथे एक गंमत आहे. तीनपैकी एकच दिशा चुकली तर बाजू उलटी येते आणि चूक लगेच पकडली जाते. दोन दिशा एकाच वेळी चुकल्या, म्हणजे बाक मागे आणि पन्हळ वर धरली, तर हाड फक्त अर्धा फेरा फिरलेले असते आणि बाजूचे उत्तर बरोबर येते. तोंडी परीक्षेत ‘उजवे’ हे बरोबर उत्तर ऐकूनही परीक्षक हाड स्वतःच्या अंगाला लावून धरायला सांगतात, ते यासाठी.